शेमामध्ये घर आहे, रस्ता आहे. शाळा कुठे आहे?

आजचं वाचन: देवारीम (अनुवाद), अध्याय ६, वचनं ४ ते ९



शाळा सुरू झाल्या. अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नाही, रेनकोटची खरेदी झाली तरी दप्तराची राहिली आहे, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनचा प्रश्न परत आला आहे: "रविवारचा हिब्रूचा वर्ग कधीपासून?" त्याच्या खाली, जरा वेळाने, दुसरा प्रश्न: "पण शिकवणार कोण?"

म्हणून आज आठवड्याच्या पाराशाऐवजी शेमा घेतला आहे. आपण तो सकाळ-संध्याकाळ म्हणतो, इतका की त्यात काय लिहिलंय तिकडे लक्षच जात नाही. आज जरा हळू वाचा. आधी देव एक आहे हे सांगितलंय. मग त्याच्यावर सगळ्या मनाने, जिवाने, शक्तीने प्रेम करा असं. मग हे शब्द तुमच्या हृदयावर असू देत. आणि लगेच, मधे दुसरं काहीही न सांगता, मुलं येतात. ही वचनं मुलांना शिकवा. कधी? तर घरात बसला असाल तेव्हा, रस्त्याने चालत असाल तेव्हा, झोपताना आणि उठताना. त्याच्यानंतर हातावरची खूण, कपाळावरची खूण, आणि दाराच्या चौकटी.

घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे, दार आहे. शाळा नाही. शिक्षक नाही, फी नाही, पट्टी नाही. मोशेने सांगितलेल्या या व्यवस्थेत शिकवायचं काम सरळ आईबापाच्या गळ्यात आहे.

"शिकवा" असं आपण मराठीत म्हणतो, पण मूळ हिब्रू शब्द थोडा वेगळा आहे. तो ज्या धातूतून येतो त्याचा अर्थ धार लावणं. राशी या जागी सांगतात की शब्द तुझ्या तोंडात इतके धारदार असावेत की कुणी काही विचारलं तर तू अडखळू नयेस. आपल्या गल्लीत सायकलवर धार लावणारा यायचा तो आठवा. पातं दगडाला एकदा टेकवून सुरीला धार येत नाही. तो पायडल मारत राहतो, पातं उलटंपालटं करत राहतो. शिकवणं तसं आहे. आणि इथे धार परीक्षेसाठी लावलेली नाही, कुणीतरी विचारेल म्हणून लावलेली आहे.

आणि विचारतातच की. वर्गात अख्ख्या शाळेत एकटाच ज्यू असलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात हमखास प्रश्न येतो: "तू ख्रिश्चन का? मग मुस्लिम का? मग नक्की कोण?" फॉर्मवर धर्माच्या रकान्यात वर्षानुवर्षं आपण "इतर" वर खूण करत आलो. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे कागदावर तरी आपलं नाव आलं. पण मधल्या सुट्टीत डबा खाताना विचारणारी मुलं शासन निर्णय वाचून आलेली नसतात. तिथे दहा वर्षांच्या पोराला स्वतःच दोन वाक्यं बोलता यायला हवीत. राशींना जी धार अभिप्रेत आहे ती मला तिथे दिसते.

आता आपल्या घरची गोष्ट. तुम्ही ती शंभर वेळा ऐकली असेल, तरी या वचनाच्या शेजारी ठेवून परत ऐका. परंपरा सांगते की आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बरोबरचे ग्रंथ समुद्रात गेले. कोकणात तेल गाळून पोट भरायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. हिब्रू विसरली, बहुतेक प्रार्थना विसरल्या. राहिलं काय? सुंता राहिली, शाबाथ राहिला, खाण्यातला निषेध राहिला, आणि शेमा राहिला. सुंतेला शेमा, लग्नाला शेमा, मयताला शेमा. दुसरं काही येतच नव्हतं.

म्हणजे बघा, सगळं वाहून गेल्यावर हातात जी एक गोष्ट उरली ती नेमकी "मुलांना शिकवा" हे सांगणारी होती. सेफेर नाही, हज्जान नाही, शाळा तर नाहीच. फक्त घर आणि रस्ता. मोशेने जेवढी साधनं गृहीत धरली होती तेवढीच आपल्याकडे होती, आणि तेवढ्यावर शेकडो वर्षं काम चाललं.

हे काम केलं कोणी, याचा पुरावा त्याच परंपरेत आहे. दाविद राहाबी नावाचा पाहुणा आला, त्याला शंका होती की हे लोक खरंच इस्राएली आहेत का. त्याने बायकांना मिसळलेले मासे दिले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले. कारण विचारलं तर, हे आम्ही खात नाही, एवढंच. राहाबीची खात्री पटली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात परीक्षा चुलीपाशी झाली आणि ज्यांनी ती दिली त्यांना अक्षरओळखही नव्हती. "घरात बसला असाल तेव्हा" म्हणजे काय हे या बायकांना कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पण गोष्ट तिथे संपत नाही. राहाबीने बायकांचं कौतुक केलं आणि तो निघून गेला असं झालं नाही. त्याने तीन तरुण निवडले, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले, आणि त्यांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. तेच पुढे काजी झाले. गावोगाव फिरून सुंता, लग्नं, तंटे बघायला लागले. घरातलं शिकणं टिकवून धरतं. पण वाचायला, समजून घ्यायला, दुसऱ्याला शिकवायला आणखी काहीतरी लागतं. एक समजदार माणूस आणि तीन मुलं. आपल्या समाजातला पहिला वर्ग तो.

इथे मला तालमूदमधला एक उतारा जोडायचा आहे, बावा बात्रा, पान २१. रब्बी लोक तिथे हाच प्रश्न घेऊन बसलेत: शेमामध्ये नसलेली शाळा आली कुठून?

ते सांगतात की आधी प्रत्येक बाप आपल्या मुलाला शिकवायचा. ज्याला बाप होता तो शिकला, ज्याला नव्हता तो राहिला. मग यरुशलेममध्ये शिक्षक नेमले. तरी तेच: ज्याचा बाप होता त्याला बापाने यरुशलेमला नेलं, पोरकं मूल गावातच. मग प्रत्येक प्रांतात शिक्षक नेमले आणि सोळा-सतरा वर्षांची मुलं आत घेतली. त्या वयाच्या मुलावर गुरुजी चिडले की तो बंड करून उठून जायचा (अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा). शेवटी यहोशुआ बेन गमला नावाच्या मुख्य याजकाने ठरवलं की प्रत्येक गावात शिक्षक असेल आणि मूल सहा-सात वर्षांचं असतानाच शाळेत येईल. रब्बी म्हणतात, त्या माणसाची आठवण चांगल्या कारणासाठी राहो. तो नसता तर इस्राएलमधून तोरा विसरली गेली असती.

म्हणजे शाळा निघाली ती पोरक्या मुलासाठी. शेमाची आज्ञा पुरेशी नव्हती असं नाही, पण ती पाळायला बापच नसेल तर? तिथे सगळ्या गावाने बाप व्हायचं. राशींनी याच वचनात "मुलं" या शब्दाखाली लिहून ठेवलंय की मुलं म्हणजे विद्यार्थीसुद्धा. ज्याला तुम्ही शिकवता तो तुमचा.

आता पुण्यात या. आपल्या मुलांना आईबाप आहेत, देवाची कृपा आहे, चांगले नोकरीवाले, प्रेमळ आईबाप. पण किती जणांना आलेफ-बेथ येतं? मी दोष देत नाही. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली. त्यात शिकवणारे काका, आजोबा, हज्जान गेले. जे इथे राहिले त्यांना शिकवायला त्यांच्या लहानपणी कोणी उरलं नव्हतं. आज दिमोना, अश्दोद, लोदला राहणाऱ्या आपल्या मावसभावंडांची मुलं एक सप्टेंबरला शाळेत जातात आणि हिब्रूतच गणित शिकतात. इथल्या मुलाला सिद्दूर उघडल्यावर देवनागरीत लिहून दिलेला उच्चार शोधावा लागतो. हिब्रूपुरतं बोलायचं तर आपली बरीच मुलं बेन गमलाच्या गावातल्या त्या पोरासारखी आहेत, आणि त्यांचे आईबापही कधीकाळी तशीच पोरं होते. मग "पण शिकवणार कोण" हा ग्रुपवरचा प्रश्न साधा राहत नाही.

त्या पानावर पुढे वर्गाचे नियम आहेत. एका शिक्षकामागे पंचवीस मुलं. पन्नास झाली तर दोन शिक्षक. चाळीस असतील तर शिक्षकाला एक मदतनीस द्यायचा, त्याचा खर्च गावाने करायचा. पंचवीस मुलं! आमच्याकडे नऊ आहेत, सर्वांत लहान सहा वर्षांची आणि सर्वांत मोठा पंधरा. लहानीला अक्षरं गिरवायची असतात, मोठ्याला बार मित्सवा होऊन दोन वर्षं झाली, त्याला आता पाराशाचा अर्थ हवा असतो. त्याला नुसतं बसवून ठेवलं तर तो सतरा वर्षांच्या त्या बंडखोरासारखा उठून जाणार. म्हणून गेल्या वर्षीपासून तो लहान तिघांना अक्षरं शिकवतो. मदतनीस! स्वतः चुकतो तेव्हा सहा वर्षांची मुलगी त्याला सांगते, आणि दोघांचंही पक्कं होतं. तालमूदमध्ये राव नावाचे रब्बी एका शिक्षकाला सांगतात की जो मुलगा वाचत नाही त्याला काढू नकोस, तो वाचणाऱ्यांना सोबत होईल. माझ्या वर्गात दोन मुलं निव्वळ सोबतीला येतात. एक खिडकीपाशी बसून चित्रं काढतो. अशा मुलांनाही डाव्या बाजूला बसवून सगळे पान उलटताना हात लागतो की नाही ते मी बघते. एके दिवशी चित्रात मला शीन अक्षर दिसलं, तीन फांद्यांचं झाड करून काढलेलं.

मारण्याबद्दलही राव बोलतात: मारायची वेळ आलीच तर चपलेच्या नाडीने मार. म्हणजे लागणारच नाही असं. पट्टी आणि डस्टर बघत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला हे वाचून हसू येतं.

आणि मग तो नदीचा नियम. हा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हा तर पुण्यासाठी लिहिलाय. रब्बी म्हणतात, शिकायला मुलाला एका गावातून दुसऱ्या गावाला न्यायचं नाही. पण एका सिनेगॉगमधून दुसऱ्या सिनेगॉगमध्ये नेता येतं. मधे नदी असेल तर न्यायचं नाही. नदीवर चांगला पूल असेल तर चालेल. पण नुसती अरुंद फळी टाकलेली असेल तर नाही, मूल पडेल.

आपल्याकडे सिनेगॉग दोन. कॅम्पातलं ओहेल दाविद, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं, ज्याला रिक्षावाले लाल देऊळ म्हणूनच ओळखतात. दाविद ससून ते पूर्ण झालेलं बघायच्या आधी, १८६४ मध्ये वारले आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शलोमो, १९२१ चं, बेने इस्राएलांनी आपल्यासाठी बांधलेलं, आजूबाजूच्या वाड्यांत मिसळून गेलेलं. या दोघांच्या मधे नदी नाही. पण मुलं आता रास्ता पेठेत राहत नाहीत. कोथरूडहून येणाऱ्याला मुठा ओलांडायची असते, पिंपरी-चिंचवडवाल्याला मुळा. पूल आहेत, रुंद आहेत. लकडी पूल आता नावालाच लकडी. तरी रविवारी सकाळी पावसात दीड तासाचा प्रवास, दोन बस बदलायच्या, आई ड्युटीवर, बाबा टूरवर, ही माझ्या मते फळीच आहे. मूल नदीत पडत नाही, वर्गातून गळतं. जुलैपर्यंत नवाचे सात, ऑगस्टमध्ये पाच.

या वर्षी दोघा कॉलेजच्या मुलांनी आपापल्या बाजूच्या मुलांना घेऊन यायचं कबूल केलं आहे, एक कोथरूडचा, एक चिंचवडची. पूल बांधणं म्हणजे हेच, स्कूटरच्या मागच्या सीटवर एक हेल्मेट जास्त. अजून औंध-बाणेर बाजूला कोणी नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तिकडे राहत असेल तर ग्रुपवर कळवा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा समाजात नऊ मुलांच्या वर्गाने काय होणार. माझ्याकडे याला उत्तर म्हणून फक्त जुन्या गोष्टी आहेत. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आपल्या लोकांना हिब्रू शिकवण्यामागे त्याचा हेतू काय होता हे उघड आहे. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मुंबईत जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी शाळा चालवता चालवता प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. ज्यांना हिब्रू कळत नव्हती त्यांना पहिल्यांदा आपण काय म्हणतोय ते कळलं. आडनाव बघितलंत? राहाबीच्या तिघांपैकी एक घराणं तेच. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर आणि सोबत्यांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात ओळखली जायला लागली.

आणि रिबेका रूबेन. त्या शिकल्या पुण्यात, हुजूरपागेत. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या, मुलांमुलींत मिळून. पुढे शिक्षणासाठी विलायतेला जाऊन आल्या, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्याच मुंबईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. लक्ष्मी रोडवरून जाताना हुजूरपागेची मुलींची रांग दिसली की मला त्या आठवतात: शाळेत कदाचित एकट्याच आपल्यातल्या, आणि नंतर अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या. आज त्या मुंबईच्या शाळेत बहुतेक मुलं ज्यू नाहीत. मला याचं वाईट वाटत नाही. आपल्या पोरक्यांसाठी काढलेली शाळा आता शेजाऱ्यांच्या मुलांना शिकवते आहे, यहोशुआ बेन गमलाला यात काही खटकलं नसतं असं मला वाटतं.

आता तो अवघड प्रश्न, जो सातवीतल्या एका मुलाने मागच्या रविवारी विचारला आणि ज्यामुळे खरं तर मी हे लिहायला बसले. त्याच्या शाळेत दर शनिवारी सकाळी चाचणी ठेवली आहे. "शाबाथला लिहायचं नाही असं तुम्हीच शिकवता. मग मी काय करू?"

लिहिणं हे शाबाथला मना असलेल्या एकोणचाळीस कामांपैकी एक आहे, यात पळवाट नाही. दुसऱ्या बाजूला, सातवीच्या मुलाने वर्षभर शून्य घ्यायचं का? आपल्या घरांत यावर वेगवेगळी वागणूक आहे. काही जण शनिवारी मुलाला पाठवतच नाहीत. काही पाठवतात, मूल बसतं, ऐकतं, लिहीत नाही. बरेच जण सगळंच करू देतात आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून तेवढा शाबाथ धरतात. आपले आजे-पणजे पलटणीत होते, रेल्वेत होते. त्यांचा शनिवार त्यांच्या हातात नव्हता. त्यांना मी कमी इस्राएली म्हणणार नाही. पण घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या हातातही पैसे कमीच होते, आणि गावाने त्यांना ओळखलं ते त्या बंद घाण्यावरून. हेही मला विसरता येत नाही.

मी त्याला सांगितलं की आधी विचारू. विचारण्याआधीच नाही गृहीत धरायचं नाही. त्याच्या आईबाबांनी वर्गशिक्षिकांना पत्र दिलं आहे: चाचणी शुक्रवारी किंवा सोमवारी वेगळी घेता येईल का. पत्राचा मसुदा आम्ही तिघांनी मिळून केला, आणि त्यात शाबाथ म्हणजे काय हे चार ओळींत त्यानेच लिहिलं. दोनदा खोडून. तिसऱ्यांदा लिहिलेलं अडखळत नव्हतं. उत्तर अजून आलेलं नाही. बाईंनी "वर विचारते" म्हटलंय.

तुमच्या घरीही शाळेत जाणारं कोणी असेल तर एक गोष्ट आत्ताच करा. रोश हशाना, किप्पूर आणि सुक्कोथ बहुतेक पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आसपासच येतात. सणाच्या आदल्या दिवशी धावपळीत अर्ज नेण्यापेक्षा जूनमध्येच तारखा लिहून वर्गशिक्षकांना द्या, आणि पत्र शक्यतो मुलाच्या हातून जाऊ द्या. कॉलेजवाल्यांनो, तुम्हालाही हेच. तुमच्या इंटर्नल्सची वेळ तीच असते.

सकाळी शाळेला निघताना दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला हात लावून जायची सवय बऱ्याच घरांत आहे. आतल्या गुंडाळीवर आजचंच वाचन लिहिलेलं असतं. घर संपून रस्ता सुरू होतो त्या जागी. रिक्षाकाका हॉर्न वाजवत असतात, एक मोजा सापडत नसतो, डबा ओट्यावर राहिलेला असतो, आणि तेवढ्यात हात वर जातो. लहान मुलांचा पोचत नाही, त्यांना उचलून घ्यावं लागतं. उचला.

वर्ग येत्या रविवारी सकाळी दहाला. वही, पेन्सिल, खोडरबर. पहिल्या दिवशी लहानांना मधाचं बोट लावून आलेफ गिरवायला देणार आहोत, म्हणून रुमालही. वर्ग झाल्यावर वर्षाच्या सुरुवातीचा मलिदा आहे. पोहे भिजवायला आणि नारळ खवायला दोघंतिघं नऊलाच आले तर बरं होईल.

उद्याचं वाचन: मिश्ले (नीतिसूत्रे), अध्याय २२.